भुज ते चाकण: रस्त्याकडचा पिवळा टेप

आणि मला न विचारता खोलीची अनामत भरायचीच कशाला, याचं उत्तर दादानं अजून दिलेलं नाही. फोनवर विषय काढला की म्हणतो, "टॉवरवर हायेस का? वारा लई ऐकू यायलाय, नंतर बोलू." मी जमिनीवरच असतो. कच्छात जमिनीवरही वारा असतो.

मी भुजच्या पुढं, मिठागरांच्या बाजूला कामाला आहे. मोबाईलच्या टॉवरवर चढायचं, अँटेना आणि रेडिओ बांधायचे, केबल खाली सोडायची, हे काम. गाव अहमदपूर तालुक्यात. आठवीला शाळा सुटली ती सुटलीच. मग हैदराबाद, सिल्वासा, मध्ये थोडं ओडिशा, आता कच्छ. पायाला भिंगरी, असं दादा म्हणतो. तो स्वतः पिंपरी-चिंचवडला काळेवाडीत राहतो आणि चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत आहे. आमचं जुनं भांडण एवढंच: त्याला वाटतं माणसानं एका जागी बसावं, मला एका जागी बसलं की मुंग्या येतात.

तर झालं असं, की आमचे ठेकेदार शेठ म्हणाले, "चाकण में एक टॉवर का ट्रायल है. पास हुआ तो पूरे पट्टे का काम अपना, और तू वहीं रहेगा." हे मी दादाला फोनवर बोलता बोलता सांगितलं. त्यानं "पास झालं तर" एवढे शब्द गाळले, बाकीचं ऐकलं, आणि त्याच्याच गल्लीत वरच्या मजल्यावरची खोली धरून मोकळा. मला तिथं राहायचंय की नाही हे माझं मलाच कळत नव्हतं, आणि तिकडं कुलूप-किल्ली तयार.

असा मी निघालो, चिडूनच.

ज्यांना हा प्रवास करायचाय त्यांनी भुजहून पुण्याची थेट गाडी धरावी. रोज नसते, बघून तिकीट काढा. स्लीपरच घ्या, जनरलमध्ये अहमदाबादला जी गर्दी घुसते ती सुरतेपर्यंत हलत नाही. मला तसंही बर्थवर बसवत नाही. दारात उभा राहून मी टॉवर बघत आलो. आमच्या लाईनच्या माणसाला लांबूनच ओळखू येतं कुठल्या टॉवरवर कुठल्या कंपनीचा रेडिओ आहे ते. कुणाच्या रेडिओला उष्णता बाहेर टाकायचे उभे पंख, कुणाच्या तिरके, कुणाचा रेडिओ बुटका. आणि वर ज्या कंपनीचा रेडिओ, खालच्या खोलीत त्याच कंपनीचा डबा, हे आजवर ठरलेलं. वरचं खालच्याशी फायबरमधून जे बोलतं ती त्या कंपनीची घरची भाषा. दुसऱ्याला कळत नाही आणि कळू देतही नाहीत.

चाकणच्या टॉवरवर हेच मोडायचं होतं. वरचा रेडिओ एका कंपनीचा, खालचा डबा दुसरीचा, आतलं सॉफ्टवेअर तिसरीचं. मधल्या फायबरमधून काय बोलायचं, कसं बोलायचं, हे सगळ्यांनी मिळून ठरवून छापून टाकलंय. त्याला ओपन रॅन म्हणतात. नाव मोठं आहे, पण खरं सांगायचं तर सोयरीक जातीबाहेर करायची आणि घरात बोलायची भाषा आधी ठरवून घ्यायची, एवढंच.

लोणावळ्याला उतरून मी पुण्याकडची लोकल धरली. तिकीट चहाएवढं आणि बसायला जागा. काळेवाडीला जायला पिंपरी स्टेशन जवळ पडतं, पण दादा म्हणाला आकुर्डीला उतर, माझी कंपनीची बस तिथंच सोडते, गाडीही तिथंच लावलेली असते. उतरलो तर कंपनीचा निळा शर्ट घालून उभा.

"काय बे संत्या, वाळलास की. नुसतं मीठ खाऊन राहायलास का?"

"तू जाड झालायस. बसून बसून."

एवढ्यावर गळाभेट झाली. बॅग मधे ठेवून गाडीवर बसलो. आकुर्डीहून चिंचवड, तिथून पूल ओलांडून काळेवाडी. रस्ताभर तो मागं वळून वळून खोलीची तारीफ करत होता. पाणी दोन वेळा, मालक कटकटी नाही, गच्चीवरून वारा येतो. मी म्हटलं, वारा मला तिकडं फुकट मिळतो.

वहिनीनं ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि डाळ घालून केलेली अंबाडीची भाजी वाढली. कच्छात बाजरी मिळते, तूप मिळतं, माणसं जीव लावतात, पण अंबाडी नाही. मी किती भाकरी खाल्ल्या ते सांगत नाही. वहिनी म्हणाली, "भाऊजी, खोलीत गॅस मी माझ्याकडला जुना देते. नवा घेऊ नका." म्हणजे तिनंही "पास झालं तर" गाळलं होतं.

चाकणला कामाला जाणाऱ्या पोरांना माझा सल्ला: सकाळी सातच्या आत नाशिक फाटा ओलांडा. त्यानंतर भोसरी, मोशी, आळंदी फाटा, सगळीकडं कंपन्यांच्या बसची रांग. त्या रांगेत ट्रेलर, ट्रेलरच्या आडून दुचाक्या, आणि चाकणच्या तळेगाव चौकात तर माणूस हतबल होऊन चणे खात बसतो. सिटी बस स्वस्त पण भरवसा नाही. भोसरीहून शेअर मॅजिक, म्हणजे छोटी टेम्पोगाडी, मिळते, तीस रुपये घेतात आणि मांडीवर दुसऱ्याची बॅग ठेवतात. नाश्ता चौकात करू नका. थोडं आत गेलात की गाड्यांवर चांगली मिसळ मिळते, जादा रश्श्याला कुणी तोंड वाकडं करत नाही.

टॉवर होता महाळुंग्याच्या अलीकडं, एका वाडीच्या कडेला. एका बाजूला कांद्याचं वावर आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याचे मोठाले शेड. खालची जोडणी करायला तिथलीच टोळी होती. मुकादम बबनराव, वाडीतलेच, पन्नाशीचे. वावर आहे, शिवाय आधी कंपन्यांत लाइटफिटिंग केलेलं. मला बघून म्हणाले, "कच्छावरनं माणूस आणलाय व्हय? आमच्याकडं चढणारी मानसं मेली का काय?" पण हसत म्हणाले आणि लगेच चहा सांगितला.

मोबाईल कंपनीकडून तपासायला तन्वी मॅडम. ताथवड्याला राहतात, तिकडच्याच कॉलेजात शिकल्या. लॅपटॉप गाडीच्या बोनेटवर ठेवून उन्हात उभ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "संतोष, पास व्हायला दोन गोष्टी लागतात. सगळे दिवे हिरवे, आणि मी फोन लावून टॉवरभोवती गाडी फिरवीन तेव्हा कॉल तुटता कामा नये. बाकी मला काही नको."

मला मात्र बाकीचंच लागून राहिलं होतं. चढताना सारखं तेच डोक्यात. कॉल तुटला नाही तर काळेवाडी, तुटला तर कच्छ. आणि यातलं मला काय हवंय ते विचारायला वर कुणी नव्हतं. खाली दोर धरायला बबनरावांचा एक माणूस होता, तो त्याच्या बायकोशी फोनवर भांडत होता.

वरून चाकण मात्र बघण्यासारखं दिसतं. शेडांचे पत्रे चमकतात, मधे हिरवे तुकडे, लांब डोंगर, आणि आवारात ओळीनं लावलेल्या नव्या गाड्या, जणू कुणी खेळण्यांचा खोका उपडा केलाय.

रेडिओ नकाशाप्रमाणे तीन दिशांना बसवले. फायबरला टेप गुंडाळले: पहिल्याला पिवळा, दुसऱ्याला निळा, तिसऱ्याला हिरवा. म्हणजे खालच्या माणसाला कळतं कुठलं टोक कुठल्या भोकात घालायचं. मी खाली ओरडलो, "पिवळा पहिला!" बबनराव ओरडले, "पिवळा पहिला!" आणि डब्यात फायबर गेल्या.

तरीही रेडिओ उठेनात. दिवा नारिंगी. मॅडमनी बघितलं आणि हसल्या. डबा आणि रेडिओ यांचं घड्याळ अगदी बारीक जुळावं लागतं, नाहीतर एकाचं बोलणं संपायच्या आत दुसरा सुरू. त्या छापलेल्या नियमात घड्याळ जुळवायच्या दोन-तीन रीती दिल्यात. रेडिओवाल्यांनी एक धरली, डब्यावाल्यांनी दुसरी.

"म्हणजे चूक कुणाची?" मी विचारलं.

"कुणाचीच नाही. दोघंही नियमानं चालतात. फक्त कुठली रीत धरायची हे एकमेकांना विचारलं नाही."

त्यांनी दोघांना एका रीतीवर आणलं. दिवे हिरवे झाले. बबनरावांनी टाळी वाजवली. मी दादाला फोन केला नाही, पण करावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम लवकर थांबलं म्हणून मी काळेवाडीला आलो, तर दादा घरी. म्हणाला सेकंड शिफ्ट आहे, चल, खोली तरी बघ. गेलो. चार भिंती, एक मोरी, खिडकीतून शेजारच्यांची वाळत घातलेली कापडं. त्यानं भिंतीतला खिळा हलवून बघितला, जणू विकत घ्यायचीय.

"इथं बॅग टांग. इथं कॉट बसती."

"दादा, मी हो म्हणलेलो नाही."

"तू कधी हो म्हणलास बे कशाला? लग्नाला न्हाई, शाळेला न्हाई. तुला कुठंबी खोचलं तर चालतंय. आमच्या लाईनवर बघ, शंभर जातीचे कनेक्टर. ह्या गाडीचा त्या गाडीत बसत न्हाई. मुद्दाम तसे करतात, गिऱ्हाईक फिरून इथंच यावं म्हणून. त्यांना किंमत हाय. कुठंबी बसणाऱ्याला कोण विचारतंय?"

"आणि एकाच ठिकाणी बसून तुला काय मिळालं?"

त्यानं खिडकी लावून घेतली. मला वाटलं जिंकलो. कुलूप लावून तो खाली गेला, आणि मी अंबाडी खायला घरी आलो. तिथं वहिनी म्हणाली, "भाऊजी, त्यांना कामाचं टोचून बोलू नका. ब्रेकवर आहेत."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चाकणला ठेक्यावरच्या कामगाराला काही महिने झाले की ब्रेक देतात. थोडे दिवस घरी बसवायचं, मग नव्या कार्डावर पुन्हा पहिल्यापासून घ्यायचं, म्हणजे तो कधी कायम होत नाही. कायम नोकरीचे धडे देणारा माझा दादा इतकी वर्षं असा तुकड्यातुकड्यांनी कामाला आहे, हे मला माहीतच नव्हतं. निळा शर्ट घालून तो आकुर्डीला का उभा होता ते तेव्हा कळलं. अनामत त्या ब्रेकमध्ये भरलेली.

मी त्याला काही बोललो नाही. बोललो असतो तर भांडण झालं असतं आणि ते मी हरलो असतो.

पुढल्या सकाळी मॅडमनी गाडी फिरवली. कंपन्यांच्या शेडकडून वाडीकडं वळलं की कॉल तुटायचा. दर खेपेला, त्याच वळणावर. खाली सगळे दिवे हिरवेगार. तिन्ही कंपन्यांचे लोक फोनवरच्या ग्रुपमध्ये होते. रेडिओवाला म्हणाला, रेडिओ नियमाप्रमाणे आहे. डब्यावाला म्हणाला, डबा नियमाप्रमाणे आहे. सॉफ्टवेअरवाला म्हणाला, लॉग, म्हणजे मशिननं ठेवलेली नोंद, पाठवा. लॉग पाठवले की पुन्हा पहिला म्हणायचा, रेडिओ नियमाप्रमाणे आहे. पूर्वी एकच कंपनी असायची, शिवी द्यायला एकच तोंड.

बबनराव म्हणाले, "दोन घरचा पाव्हणा उपाशी म्हंतात. हितं तर तीन घरं."

मॅडम वैतागल्या होत्या. "वाडीत पहिल्या दिशेचा सिग्नल यायला हवा, तर फोन तिसऱ्याचा दाखवतोय, म्हणून कॉल पुढं सोपवताना चुकामूक होतेय. संतोष, वर तोंडं बरोबर आहेत ना?"

"मॅडम, अँटेना नकाशाप्रमाणेच आहेत. होकायंत्र लावून बसवल्यात. आणि टेप आमच्या रीतीनं, रस्त्याकडची पिवळी."

बबनरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "कुठल्या रस्त्याकडची?"

"रस्त्याकडची. हायवेकडची."

"आरं भावा, आमच्याकडं तिन्ही बाजूंनी रस्ता हाय! आमी तर पिवळा म्हंजे उत्तर धरतो. नकाशात एक नंबर उत्तरंलाच, वाडीकडं."

मी मान वर करून टॉवरकडं बघितलं. कच्छात मिठाच्या रानात टॉवर उभा असतो तेव्हा चारी बाजूंना काहीच नसतं, नुसतं पांढरं. झाड नाही, घर नाही. खूण एकच, रस्ता. म्हणून आमच्या उस्तादानं शिकवलेलं: रस्त्याकडचा पहिला, त्याला पिवळा, मग उजवीकडून पुढं. हात तसा बसलाय. नकाशा बघून मी अँटेना बसवल्या आणि टेप मात्र हातानं गुंडाळले. "पिवळा पहिला" मी ओरडलो, "पिवळा पहिला" ते ओरडले, आणि दोघंही बरोबर. तिन्ही दिशा एकेक घर सरकल्या होत्या. मशिनींना त्याचं काय? त्यांच्या लेखी सगळं ठीक.

"माझी चूक आहे मॅडम," मी म्हटलं.

"आमी बी कुटं इचारलं?" बबनराव म्हणाले. "ह्याची एकट्याची न्हाई."

मॅडमनी कपाळाला हात लावला आणि मग जोरात हसल्या. खाली फायबर बदलणं म्हणजे चहा थंड व्हायच्या आतलं काम. पण टेप तसाच राहिला तर पुढला माणूस पुन्हा फसणार, म्हणून मी वर चढलो, सगळे टेप सोडले, नकाशाप्रमाणे गुंडाळले, आणि मार्करनं प्रत्येकावर दिशा लिहिली. उत्तरेला "वाडी" असंही लिहिलं. खाली उतरेपर्यंत मॅडमची फेरी झाली होती. कॉल तुटला नाही. पास.

मी दादाला फोन लावला. "पास झालं," एवढंच म्हटलं. तिकडून तो वहिनीला ओरडून सांगतोय ते ऐकू आलं. माझंही मन तेव्हा पहिल्यांदा त्या खोलीत गेलं. खिळ्याला बॅग टांगून बघितली मी, मनातल्या मनात.

दोन दिवसांनी शेठचा फोन. "काम तो पास है, बेटा. पर पट्टा लोकल टोली को दे दिया. तू वापस आ जा, यहाँ काम पड़ा है."

मी मॅडमना विचारलं, माझ्या टेपमुळं का? त्या म्हणाल्या नाही. मग कारण सांगितलं. आधी एका कंपनीची सामग्री असली की त्या कंपनीची शिकलेली टोळी लांबून आणावी लागायची. आता जोडणी सगळ्यांची सारखी. मग जवळची टोळी स्वस्त पडते. "ट्रायल पास झाल्यानंच ते शक्य झालं, संतोष. मला वाईट वाटतंय."

म्हणजे कुणीही बसवलं तरी चालतं, हे मी स्वतःच्या हातानं सिद्ध करून दिलं होतं. मला राग आला, पण कुणावर काढावा ते कळेना. इथंही शिवी द्यायला एक तोंड नव्हतं.

निरोप घ्यायला गेलो तर बबनराव कांदे भरत होते. एक पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाले, "आमच्या टोळीत ये. पगार तुज्या शेठपेक्षा कमी हाय, खोटं न्हाई बोलत. पर पट्टा मोठा हाय, चढणारं मानूस आमाला लागतंच. टेप तेवढा आमच्या रीतीनं लाव."

"विचार करतो, बबनराव."

"कर. टावर कुठं पळून जात न्हाई."

दादा मला सोडायला आकुर्डीला आला. या वेळी निळा शर्ट नव्हता. बबनरावांचं बोलणं मी त्याला सांगितलं. मला वाटलं आता सुरू होईल. तो म्हणाला, "बघ मग तुझं तू." आणि लोकल हलली तेव्हा बरोबर चालत आला, खिडकीतून कांद्याची पिशवी नीट सरकवून दिली, फुटू नये म्हणून.

आता मी परत कच्छात आहे. हातातले टॉवर पुरे केल्याशिवाय हललो तर शेठ मागचा पगार अडकवतील, तेवढं करायचंय. इथं माझ्या पेटीत आता मार्कर असतो. रस्त्याकडचा असो की कुठला, मी दिशा लिहितो. उस्ताद हसतात, म्हणतात, चाकण जाकर पढ़ा-लिखा हो गया. कांदे संपले. अंबाडीची आठवण जेवताना येते. अजूनही एका जागी बसवत नाही, हे लिहितानाही तीनदा उठून बाहेर जाऊन आलो. पण बाहेर सगळीकडं पांढरं, नजर टेकवायला काही नाही, आणि त्या भिंतीतला खिळा डोक्यातून जात नाही.

म्हणून दादा, हे वाचशील तेव्हा वाच. येईन ती तारीख आत्ता विचारू नकोस. बबनरावांना मी हो कळवलंय. खोली सोडू नकोस, पण मालकाकडून पावती माझ्या नावानं करून घे, आणि अनामत माझी मी भरणार, तुझ्या ब्रेकच्या पैशातून नाही. आजच पाठवतोय, बारा हजार.